शरीरातला दाह आणि हृदयाचा धोका : वाचकांचे प्रश्न

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात हल्ली एचएस-सीआरपी नावाची एक ओळ असते. शरीरात आत कुठे दाह, म्हणजे सूज, चालू आहे का ते ही रक्ततपासणी दाखवते. तो आकडा लाल अक्षरांत आला की घरात काळजी सुरू होते, पण त्याचा अर्थ सांगायला कुणी बसत नाही. बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

प्रश्न : वय ५१, भातशेती करतो. बेळगावात चेकअप केला तेव्हा एचएस-सीआरपी ४.६ आला, लाल अक्षरांत. बीपी आणि साखर ठीक, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२८. दीड महिन्याने खानापुरात परत तपासले तर ०.४ आला, लाल खूणही नव्हती. मधल्या काळात औषध काहीच घेतले नाही. मग पहिला रिपोर्ट चुकला म्हणायचा का? आणि तो खरा असेल तर मला झटका येणार का?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : चूक बहुधा कुठल्याच लॅबची नाही. आकड्यापुढे छापलेले एकक बघा. पहिला रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असणार आणि दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणून दुसऱ्या आकड्याला दहाने गुणायचे. ०.४ चे झाले ४.०. म्हणजे दोन्ही रिपोर्ट जवळपास एकच गोष्ट सांगताहेत. दुसऱ्या ठिकाणी साधी सीआरपी झालेली दिसते. ती ताप किंवा जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी असते. तिची वरची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ०.५ किंवा ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात, त्यामुळे ०.४ ला लाल खूण येत नाही. हृदयाच्या धोक्यासाठी खालचे बारीक फरक दाखवणारी 'एचएस' पद्धतच लागते. लॅबमध्ये नाव सांगताना ही दोन अक्षरे विसरू नका.

हृदयासाठी हे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असे वाचतात : १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. २ किंवा त्याहून जास्त आकडा सातत्याने येत असेल तर डॉक्टर त्याला धोका वाढवणारी बाब म्हणून हिशेबात घेतात. १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवायचा आणि आधी शरीरात कुठे संसर्ग किंवा जखम आहे का ते शोधायचे.

आता हा दाह हृदयापर्यंत कसा पोचतो ते बघू, कारण ते कळल्याशिवाय पुढचे सगळे सल्ले पोकळ वाटतात. एलडीएलचे कण रक्तवाहिनीच्या अस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतात. शरीर त्यांना परके समजते. पांढऱ्या पेशी धावून येतात, ते कण गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. अशा मेलेल्या पेशींचा आणि चरबीचा मऊ गाभा तयार होतो, त्यावर तंतूंचे आवरण चढते. दाह धुमसत राहिला तर पांढऱ्या पेशींतून सुटणारी द्रव्ये ते आवरण कुरतडत राहतात. ते दुधावरच्या सायीसारखे पातळ झाले की एक दिवस फाटते, आतला गाभा रक्ताला लागतो आणि तिथे गुठळी धरते. म्हणूनच अँजिओग्राफीत निम्म्याहून कमी दिसणाऱ्या अडथळ्याच्या जागीही झटका येऊ शकतो.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होते. इंटरल्युकिन-६ या द्रव्याचा इशारा मिळाला की यकृत ते सोडते. ज्यांच्यात जन्मतःच सीआरपी थोडे जास्त बनते, अशा लोकांच्या जनुकीय अभ्यासांत निव्वळ त्यामुळे झटके वाढलेले दिसले नाहीत. इंटरल्युकिन-६ चा इशारा जन्मतः मंद असणाऱ्यांना मात्र हृदयविकार कमी होतो असे आढळले. तेव्हा सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, त्याच्यामागे कुठेतरी आग आहे एवढेच ते सांगते. शोध त्या आगीचा घ्यायचा.

तुमच्या बाबतीत पुढचे पाऊल असे. तिसरी तपासणी करा, पण वेळ नीट निवडा. ताप, सर्दी-खोकला, दाढेचा ठणका, जखम किंवा लस यानंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्या. रोप लावणीच्या किंवा मळणीच्या अंगमेहनतीच्या दिवसांतही नको, कारण सवय नसलेल्या जबर श्रमाने आकडा तात्पुरता वाढतो. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करा, एकाच लॅबमध्ये, आणि एकक रिपोर्टवर पेनाने गोल करून ठेवा. आकडा वरच राहिला तर कमर मोजा : बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. पोटातल्या आतड्यांभोवतीची चरबी स्वतःच इंटरल्युकिन-६ सोडत असते. तंबाखू, हिरड्यांतून रक्त, सकाळी तासभर आखडलेले सांधे, खूप दिवसांचा खोकला, झोपेत घोरताना श्वास अडकणे, यांपैकी काही असेल तर ते न लाजता डॉक्टरांना सांगा.

झटका येणारच असा या आकड्याचा अर्थ नाही. पण १२८ एलडीएलला 'ठीक आहे' म्हणून सोडून देऊ नये, एवढे हा आकडा नक्की सांगतो.

प्रश्न : वय ५६. एलडीएल ११८, एचएस-सीआरपी दोन्ही वेळा ३ च्या वर. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुचवली. कोलेस्टेरॉल नॉर्मल असताना गोळी कशाला?
– एक गृहिणी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : हाच प्रश्न घेऊन एक मोठी चाचणी झाली, ज्युपिटर नावाची. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. एलडीएल १३० च्या आत पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त, अशा १७,८०२ निरोगी स्त्री-पुरुषांपैकी निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुमारे दोन वर्षांत औषध नसलेल्या गटात २५१ जणांना झटका, पक्षाघात किंवा तत्सम त्रास झाला, औषधाच्या गटात १४२ जणांना. प्रमाण पाहिले तर घट ४४ टक्के, हे मोठेच आहे. पण दर शंभरांत मोजले तर सुमारे तीनांऐवजी दीड. दोन्ही आकडे डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा. औषधाच्या गटात मधुमेहाचे निदान थोडे जास्त झाले, हेही सांगायला हवे.

त्या चाचणीत बायका साठीच्या पुढच्या होत्या, तुम्ही ५६ च्या. म्हणून नुसत्या सीआरपीवर न थांबता आणखी काही बघावे. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका चरबीच्या कणाची तपासणी, आयुष्यात एकदा करा. ते आनुवंशिक असते, ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर धोका वाढतो, आणि भारतीयांत ते वाढलेले बऱ्याचदा आढळते. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल किंवा गरोदरपणात बीपी अथवा साखर वाढली होती, तर ते मुद्दाम सांगा. तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाची फाइल आज कोण बघणार, असे वाटते, पण हृदयाचा धोका मोजताना ती माहिती मोलाची असते. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही सीआरपी वाढते.

स्त्रियांबाबत २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २७,९३९ स्त्रियांचा तीस वर्षे मागोवा घेतला होता. सुरुवातीच्या एकाच रक्ततपासणीवरून पाहिले तर एचएस-सीआरपी सर्वांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्शातल्या बायकांना सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा ७० टक्के जास्त धोका होता. एलडीएलबाबत हाच फरक ३६ टक्के होता. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे उगाच नाही. गोळी सुरू केलीत तर आधी एसजीपीटी ही यकृताची तपासणी करून घ्या आणि सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉल) पुन्हा तपासा. स्नायू दुखू लागले तर गोळी परस्पर बंद न करता कळवा. मात्रा किंवा औषध बदलून बहुतेकांचे भागते.

प्रश्न : मी वीस वर्षे विड्या वळते. विडी ओढत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. हिरड्यांतून रक्त येते. आरोग्य शिबिरात सांगितले की हिरड्यांमुळे हृदय खराब होते. खरे आहे का?
– एक वाचिका, निपाणी

उत्तर : ताई, हिरड्या आणि हृदय यांचा संबंध आहे, पण तुमच्या बाबतीत आधी मिश्रीबद्दलच बोलायला हवे.

मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. ती हिरडीवर चोळली की निकोटीन पातळ त्वचेतून सरळ रक्तात जाते, नाडी आणि बीपी चढते, रक्तवाहिन्या आकसतात. धूर नाही म्हणून हृदयाला धोका नाही, हा निपाणी भागात खोलवर रुजलेला समज आहे आणि तो जीवघेणा आहे. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळायची तंबाखू खाणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. मिश्री तोंडातच राहते, म्हणून ती वेगळी ठरत नाही.

सोडताना बायकांची अडचण अशी होते की मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही. ही निकोटीनची सवय असते, दोन-तीन आठवड्यांत आतडी पुन्हा वळणावर येतात. तोवर सकाळी दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, आणि लागलेच तर रात्री दोन चमचे इसबगोल. तारीख ठरवा आणि त्या दिवशी डबी घराबाहेर काढा. जपून ठेवलेली डबी हमखास परत उघडते. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग तोंडात धरा. २ मिलिग्रॅमचे निकोटीन गम मिळते. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. चव तिखट लागेपर्यंत हळू चावायचे, मग गालात दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, असे अर्धा तास. भराभर चावले की उचकी आणि मळमळ होते, आणि लोक म्हणतात गम सोसत नाही. सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११-२३५६ आहे.

कामाची काळजीही घ्या. तंबाखूची धूळ श्वासातून आणि ओल्या हातांतूनही अंगात जाते. जेवणाआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, विड्या वळायचे सूप मांडीवर असताना काही खाऊ नका, आणि तंबाखूचे पोते निजायच्या खोलीत ठेवू नका. लेकरे त्याच खोलीत झोपतात.

आता हिरड्या. दातांच्या मुळाशी साचलेला कडक थर ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडून स्केलिंगच करावे लागते. हिरडी सुजलेली असताना तिथले जंतू आणि दाहाची द्रव्ये रोज रक्तात मिसळत असतात. उपचारांनंतर सीआरपी थोडे उतरते हे दिसले आहे. त्याने झटके टळतात हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही, आणि शिबिरात कुणी तसे ठाम सांगत असेल तर ते जास्त होते. तरीही स्केलिंग करावेच, दात वाचतात. घरात कुणाला हृदयाची कृत्रिम झडप बसवली असेल तर त्यांनी दातांच्या कामाआधी अँटिबायोटिकबद्दल विचारले पाहिजे. आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या दाताच्या कामासाठी आपल्या मनाने कुणीही बंद करू नयेत.

प्रश्न : उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डिंगला आहे. कंबर-गुडघे दुखतात म्हणून रोज डायक्लोफेनॅकची गोळी घेतो. ही गोळी दाह कमी करते. मग ती हृदयालाही चांगलीच ना? बीपी आणि ॲस्पिरिन ७५ ची गोळी चालू आहे.
– एक कामगार, बेळगाव

उत्तर : नाही. ही गोळी हृदयाला चांगली तर नाहीच, तुमच्यासाठी धोक्याची आहे. हे उत्तर कापून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दाह कमी करणारे प्रत्येक औषध रक्तवाहिनीतला दाह कमी करत नाही. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांमुळे रक्तवाहिनीला सैल ठेवणारे आणि गुठळी रोखणारे प्रोस्टासायक्लिन हे द्रव्य कमी होते, आणि गुठळीला मदत करणाऱ्या थ्रॉम्बॉक्सेनचे पारडे जड होते. शिवाय मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढते, बीपीच्या गोळ्यांचा असर कमी होतो. याच घराण्यातले रोफेकॉक्सिब हे औषध झटके वाढतात म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. डायक्लोफेनॅकचा धोका त्याच दिशेचा आहे. भट्टीजवळ घामाने अंगातले पाणी कमी झालेले असताना ही गोळी मूत्रपिंडांनाही मारक ठरते.

आयबुप्रोफेनचे वेगळे दुखणे आहे. ते आधी घेतले तर ॲस्पिरिनची जागा अडवते आणि ॲस्पिरिन फुकट जाते. कधी नाइलाजाने घ्यावेच लागले तर साधी ॲस्पिरिन आधी, मग किमान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन. आवरण असलेली ॲस्पिरिन उशिरा विरघळते, तिच्याबाबत हा अर्धा तास पुरत नाही.

तुमच्यासाठी पर्याय म्हणजे दुखेल त्या दिवशी पॅरासिटामॉल ५०० ते ६५०, दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या आत, दारू पीत असाल तर डॉक्टरांना विचारून त्याहून कमी. पाण्यात फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असते. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचे जेल चालेल, त्यातले फार थोडे रक्तात जाते. आणि बाजारात नाव नसलेल्या 'वाताच्या पुड्या' मिळतात, त्या घेऊ नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत बरे वाटते ते त्यामुळेच, आणि बीपी आणि साखर वाढते तीही त्यामुळेच.

प्रश्न : सासूबाईंना दहा वर्षे आमवात आहे. कोलेस्टेरॉल कमीच आहे, तरी डॉक्टर हृदयाची तपासणी सांगतात.
– एक वाचिका, चिकोडी

उत्तर : डॉक्टर बरोबर सांगतात. आमवातात दाह फक्त सांध्यांपुरता राहत नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या मार्गदर्शनात अशा रुग्णांचा मोजलेला हृदयधोका दीडपट धरायला सांगितले आहे. आजार भडकलेला असताना कोलेस्टेरॉल मुळातच खाली उतरते, त्यामुळे तेव्हाचा कमी आकडा फसवा असतो. आजार आटोक्यात आल्यावर, दोन-तीन महिन्यांनी, लिपिड पुन्हा करा.

त्यांना मेथोट्रेक्सेट चालू असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चिठ्ठीवरचे इंग्रजी आणि मेडिकलवाल्याने कन्नडमध्ये सांगितलेले, यांच्यात गडबड होऊन ती रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. पाकिटावर मराठीत वार लिहून ठेवा.

प्रश्न : वडिलांना दोन वर्षांपूर्वी मिरजेत स्टेंट बसवला. आता कोल्चिसिन अर्धा मिलिग्रॅम दिले आहे. ते तर युरिक ॲसिडच्या दुखण्याचे औषध ना?
– एक वाचक, अथणी

उत्तर : तेच औषध, कमी मात्रेत. २०१७ मध्ये कँटोस चाचणीने पहिल्यांदा दाखवले की कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी केला तरी झटके कमी होतात. त्यात झटका येऊन गेलेल्या सुमारे दहा हजार जणांपैकी दोन तृतीयांशांना तीन महिन्यांनी एकदा कॅनाकिनुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन दिले होते, बाकीच्यांना औषध नसलेले. १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत घट १५ टक्के होती. पण जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू कमी झाले नाहीत आणि इंजेक्शन अतिशय महाग. मग स्वस्त औषधांचा शोध सुरू झाला. कमी मात्रेतले मेथोट्रेक्सेट हृदयासाठी निरुपयोगी ठरले. कोल्चिसिनने मात्र २०१९ च्या कोलकॉट चाचणीत २३ टक्के आणि २०२० च्या लोडोको-२ मध्ये ३१ टक्के घट दाखवली. २०२४ च्या आणखी एका मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू करून फायदा दिसला नाही, म्हणून तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. तुमच्या वडिलांसारख्या स्थिर रुग्णांत पुरावा त्यातल्या त्यात चांगला आहे.

सुरू ठेवायचे तर क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासलेले हवे. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर हे औषध देत नाहीत. सुरुवातीला जुलाब होतात, बहुतेकांचे काही दिवसांत थांबतात. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिले तर 'कोल्चिसिन चालू आहे' हे सांगितलेच पाहिजे, दोन्ही एकत्र घेतल्यास विषबाधा होऊ शकते. ॲस्पिरिन आणि स्टॅटिनच्या जागी हे औषध नाही, त्यांच्या जोडीला आहे.

प्रश्न : हळदीच्या कॅप्सूल घेतल्या तर दाह जातो का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : स्वयंपाकातली हळद खुशाल खा. कॅप्सूलने झटके टळतात असा पुरावा नाही. काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या तीव्र कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाली आहे, आणि ॲसिट्रोम ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती असते. त्या पैशांत शेंगदाणे, जवसाची चटणी, हुलगे आणि फळे येतील. भजी-वड्यांचे काळपट झालेले तेल मात्र फेकून द्या, त्यात पुन्हा ताजे तेल घालून वापरू नका.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. मागच्या पावसाळ्यात फ्लूच्या तापात चौथ्या दिवशी झटका आला. दोन्हींचा संबंध असतो का? आणि अशा वेळी निपाणीहून कोल्हापूर गाठावे की बेळगाव?
– एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : संबंध असतो. कॅनडातल्या एका अभ्यासात फ्लू तपासणीने पक्का झाल्यावर पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण एरवीच्या सहापट होते. अचानक उसळलेल्या दाहाने जुने आवरण फाटते, रक्त गोठण्याकडे झुकते आणि तापाने हृदयाचे काम वाढते. वडिलांना दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस द्या. त्यासाठी मधुमेह पुरेसे कारण होते, आता तर झटकाही येऊन गेला आहे.

कोल्हापूर की बेळगाव, हा प्रश्न नंतरचा. आधी जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे जा. छाती दाबल्यासारखी होणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, आणि मधुमेहींत नुसताच दम लागणे किंवा मळमळ, यांपैकी काही पंधरा मिनिटे टिकले तर 'पित्त असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला रक्तस्राव किंवा पक्षाघाताची लक्षणे नसतील तर ३०० मिलिग्रॅमपर्यंत ॲस्पिरिन चावून खायला द्या. ७५ च्या असतील तर चार. रुग्णाला मोटारसायकलवर बसवून नेऊ नका. कर्नाटकात पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या हृदय ज्योती योजनेत तालुका पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांत ईसीजी काढून तज्ज्ञांकडे पाठवतात आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत देतात. तुमच्या जवळच्या रुग्णालयात ही सोय आहे का, हे याच आठवड्यात जाऊन विचारा आणि उत्तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. वडिलांचा जुना ईसीजी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी एका पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला लावा.